आठ अँपिअर

अकोल्याच्या सासरी लग्नाला चार वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि सासऱ्यांनी चांदूर बाजारची एक मुलगी बघून ठेवली होती. त्यांनी ते कुणापासून लपवलंही नव्हतं. मी पंगतीत वाढत असताना माझ्याकडे बघत म्हणायचे, "भाकड गाय कोणी दारात बांधून ठेवते काय?" दुसरं लग्न करायला तेव्हा कायदा आड येत नव्हता. पण नुसतं मूल नाही म्हटलं असतं, तर अमरावतीहून माझे मास्तर वडील आले असते आणि दोघांनाही डॉक्टरकडे न्या म्हणाले असते. ते सासऱ्यांना नको होतं. त्यांना दुसरं काहीतरी कारण हवं होतं, आणि मला ते मिळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी तोंडाला कुलूप लावून राहत होते.

त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी मुंबईहून विजेची शेगडी आणली. घरात वीज होती ती फक्त दिव्यांपुरती, पण कापसाचा दलाल आला की बैठकीत त्याच्यासमोर विजेवर चहा करायचा, ही त्यांची हौस. शेगडी लावली की फ्यूज उडायचा. दलाल गालात हसायचा, आणि तो गेला की सासरे म्हणायचे, "अवदसा घरात असल्यावर काय होईल दुसरं!"

एकदा शेगडी पुसताना तिच्या पत्र्यावरचे आकडे वाचले: दोनशेवीस व्होल्ट, आठ अँपिअर. वडिलांनी मला मॅट्रिकला ही गणितं घोटून घेतली होती. व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा रोध, गुणलं की शक्ती. चुलीपुढच्या राखेत बोटानं मांडत होते, तेवढ्यात नवरा आला. तो अमरावतीच्या कॉलेजात सायन्सला होता, इंटरला दोनदा आपटून परत आलेला. वाकून त्यानं माझा भागाकार दुरुस्त केला. "अठ्ठावीस नाही, साडेसत्तावीस ओहम." मग स्वतःच गुणाकार केला: सतराशे साठ वॅट. दिव्यांची तार पाच अँपिअरची. उष्णता वाढते ती अँपिअरच्या वर्गानं: आठचा वर्ग चौसष्ट, पाचचा पंचवीस. म्हणजे तारेत अडीचपट उष्णता. "फ्यूज उडते तेच बरं हाय," तो म्हणाला. त्या चार वर्षांत आम्ही दोघं मिळून केलेलं तेवढं एकच काम.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातली. आता उडून दाखव म्हणावं!

बैठकीकडे जाणारी तार मधल्या खोलीतून, लाकडी पट्टीतून जायची, आणि ती खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती. भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. जावेची दोन्ही मुलं थंडीची त्यावरच झोपायची. कापूस घरात असेपर्यंत आगीचं नाव तोंडातून काढायचं नाही, हीसुद्धा रीतच. सासूबाई तर 'चूल पेटव' असंही म्हणायच्या नाहीत, 'चूल कर' म्हणायच्या.

मला हे सगळं ठाऊक होतं. पण ती मुलं डोळ्यांपुढे आली आणि मी बोलले.

"मामाजी, ही शेगडी आठ अँपिअर ओढते. आपली तार पाचाची हाय. आता फ्यूज नाही उडणार, पण पट्टीतली तार जळन. तिच्याखाली कापूस हाय."

सासरे हातातला पेचकस घेऊन तसेच उभे राहिले. "तू मले शिकवून राहिली? घरात माल हाय अन् जळन म्हणते?"

सासूबाईंनी तिथल्या तिथे माझ्यावरून मीठमिरच्या उतरवल्या. नवरा अंगणात निघून गेला.

चार दिवसांनी, भरदुपारी, दलालाचा दुसरा चहा उकळत असताना मधल्या खोलीतून जळका वास आला. पट्टीत तारेचा एक जोड होता, तो तापून गळला होता. कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. गड्यांनी घाईनं ढीग उपसला, आत वारा शिरला आणि मग मात्र जाळ आढ्याला लागला. मुलं बाहेर खेळत होती म्हणून वाचली. कापूस सगळा गेला.

संध्याकाळी अंगणात भावकी बसली. सासरे म्हणाले, "हिनं जळन म्हणलं अन् जळलं. काळ्या जिभेची बाई मले घरात नाही पाहिजे." जाड तारेचं कुणी नावही काढलं नाही. एका म्हाताऱ्यानं मात्र नवऱ्याला विचारलं, "तू तं सायन्स शिकला ना बाबू. हिचं गणित खरं होतं काय?"

मी दाराआडून त्याच्याकडे बघत होते. त्यानं 'हो' म्हटलं असतं, तर मी त्या घरात राहिले असते.

"मले नाही समजत त्याच्यातलं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी तोच मला स्टेशनवर पोचवायला आला. ट्रंक डब्यात ठेवली, घरचं कुणी आसपास नाही ना ते बघितलं आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "तुझं गणित बरोबर होतं."

"मंग तिथं काहून नाही बोलले?"

"बाबा होते ना."

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायला हवी होती, असं मला आजही वाटतं. गाडी सुटायला अजून वेळ होता, तो खिडकीशी तसाच उभा होता. मी झडप खाली ओढली.