उषामावशीने नापास केलेली जोडी

फोन आला तेव्हा मी नवऱ्यावर ओरडत होते. विनय गॅसचा नंबर लावायला विसरला होता आणि कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत शेगडी विझली होती. "उषामावशीला तेव्हाच दिसलं होतं तुझं लक्षण!" हे माझं ठेवणीतलं वाक्य नुकतंच बोलून झालं होतं, तेवढ्यात रावपुऱ्याहून मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा फोन. "वृंदे, तुझी मावशी गेली गं. चहा ठेवा म्हणाली, मी ठेवून येईपर्यंत..." छाणीपासून रावपुऱ्यापर्यंत विनय स्कूटर चालवत होता आणि मी त्याच्या पाठीवर डोकं टेकून रडत होते. भांडण तसंच अर्धवट राहिलं.

उषामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. बडोद्यातल्या मराठी घरांत लग्नं जुळवणं हा तिचा छंद म्हणा, व्यसन म्हणा. पत्रिका ती हातात घ्यायची, पण उघडून बघायची नाही. "ग्रह आकाशात असतात गं, नांदायचं स्वभावाबरोबर असतं," म्हणायची. आणि स्वभाव बघायची तिची रीत भलतीच होती. मुलगी बघायचा कार्यक्रम ती आपल्या घरी आणि तोही सोमवारीच ठेवायची. पोहे झाले की मुलाला आणि मुलीला सांगायची, "मांडवीत माझं पातेलं कल्हईला दिलंय, तेवढं दोघं जाऊन घेऊन या." ते दुकान सोमवारी बंद असतं, हे तिला पक्कं ठाऊक असायचं! मग ही बाई गॅलरीत उभी राहून, दोघं परत कशी येतात ते बघायची. तिचं म्हणणं असं, की आळशी चालतो, विसराळू चालतो, घुम्यासुद्धा चालतो. पण ज्याचं एवढ्या तेवढ्याने बिनसतं, त्याच्याबरोबर राहणारं माणूस घरातल्या घरात जन्मभर चवड्यांवर चालतं.

यातली युक्ती मला लग्न झाल्यावर कळली, तिचं हे म्हणणं मात्र अगदी अलीकडे. माझ्या वेळी मी तिची सख्खी भाची असूनही सरळ मांडवीला गेले. वैशाखातलं ऊन, नवी साडी आणि समोर कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "आजे तो बंध छे, बेन!" माझं डोकंच फिरलं. मावशीवर चिडले, दुकानदारावर चिडले, त्या बिचाऱ्या पानवाल्यालाही ऐकवलं. विनय मात्र हसत सुटला. "चला, आलोच आहोत तर शेव-उसळ खाऊ," म्हणाला, आणि दोन प्लेट खाल्ल्या! मला वाटलं, काय बेफिकीर माणूस आहे. तरी आवडला, काय सांगू. दुसऱ्या दिवशी मावशीने आईला निरोप दिला, "ही जोडी राहू दे." कारण विचारलं तर म्हणाली, "नको विचारूस, रागावशील." झालं! नाही म्हटलं की मी करणारच. मी हट्टाने लग्न केलं. मावशी लग्नात पदर खोचून पंगतीत वाढत होती, आणि त्या विषयावर पुन्हा कधी अवाक्षर बोलली नाही.

पण मी थोडीच विसरते? बंद दुकानाची युक्ती कळली तशी माझी खात्रीच पटली, की मावशीने याच्यातलं काहीतरी हेरलं होतं. सव्वीस वर्षं मी ते शोधत होते. छत्री विसरला, मावशीला दिसलं होतं. मुलीच्या शाळेत उशिरा पोचला, मावशीला दिसलं होतं. एकदा तर त्याच्या आईसमोर, पाहुण्यांच्या देखत बोलले. तो उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचा. मला ते कोडगेपणाचं वाटायचं.

तेराव्यानंतर आठवडाभराने मी काकांसाठी डबा घेऊन गेले. मावशी मितभाषी आणि काका बोलघेवडे. घर एवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, मावशीने विनयला नापास का केलं होतं?"

काकांनी घास खाली ठेवला. "विनयला? त्याला तर पैकीच्या पैकी होते. नापास तू झालीस, बेटा."

मला आधी कळेचना. काका आपल्या नादात सांगत होते, "परत येताना तू फणकाऱ्याने पुढे, तो हसत मागे. ही म्हणाली, पोरगी आपली आहे, पण चांगल्या मुलाचे हाल होतील."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला घाबरायची ती. आम्ही सगळेच घाबरतो," काका म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

ज्या मावशीवर मी इतकं प्रेम केलं, ती मला घाबरायची! त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. पोळी करपते, वाचायला बसले की उठते. कधी वाटतं, मावशी चुकली. आमचं काय वाईट झालं? कधी वाटतं, वाईट झालं की नाही हे विनयने सांगायचं, मी नाही... मावशीशी कडकडून भांडायचंय मला, आणि ती नाही.

शेवटी परवा दुपारी विनयला सगळं सांगितलं. तो मटार सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "माहीत आहे. लग्नाआधी मावशींनी मला बोलावून घेतलं होतं. नीट विचार कर, म्हणाल्या."

"मग?"

"मी म्हटलं, येताना चिडली खरी, पण शेव-उसळ खाताना तिखटाने नाकडोळे वाहत होते तरी ही मनापासून हसत होती. माझं जमेल."

"अरे, मग इतकी वर्षं मी तुला मावशीच्या नावाने टोचून बोलत होते, एकदा तरी सांगायचंस!"

"कधी सांगणार होतो?" त्याने विचारलं, अगदी साधेपणाने. "तू चिडलेली असताना, की तू खुशीत असताना?"

तेव्हापासून मी सव्वीस वर्षं मागेपुढे चाळतेय. अमक्या दिवशी सांगितलं असतंस तर मी ऐकून घेतलं असतं, असं म्हणता येईल असा एक दिवस मला अजून सापडलेला नाही.