पेंटरच्या दंडावरची रेघ

आमच्या संघटनेचे सगळे फलक एकाच माणसाने रंगवले. त्याला सगळे पेंटर म्हणत, त्याची बायको, म्हणजे आमची वहिनीसुद्धा. फ्लेक्सच्या जमान्यात हा कापडावर ब्रशने लिहायचा आणि जीभ ब्रशपेक्षा टोकदार. मी मजकूर सांगताना घाई केली की म्हणायचा, “ताई, घोषणा तुमची, अक्षर माझं. मध्ये बोलू नका.”

उजव्या दंडात गाठ आली. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून त्याने ती बाहीखाली झाकली. लिंबाएवढी होती ती मुठीएवढी झाली, तेव्हा वहिनीने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. मांसातला कॅन्सर निघाला. त्याने एकच विचारलं, “हात कापणार का?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी काही आठवडे किरणांचा शेक देऊ, मग गाठ काढू. नस गाठीला चिकटली आहे. ती राखायची तर ऑपरेशन चालू असताना उघड्या जागेवरच आणखी एकदा किरण द्यावे लागतील. जमलं तर हात राहील.”

शेकासाठी दंडावर शाईच्या रेघा मारल्या आणि जपायला बजावलं. घामाने त्यातली एक फिकट झाली. या शहाण्याने आरशात बघून डाव्या हाताने ती पुन्हा ओढली, वर सरळही केली. मशीनवरच्या मुलीने कपाळाला हात लावला.

“ही कुणी काढली?”

“मी. तुमची वाकडी होती.”

“काका, ही शोभेला नाही. हिच्यावर नेम धरतो आम्ही.”

त्या दिवशी शेक नाही. पुन्हा मोजमाप, पुन्हा रेघा. बाहेर येऊन तो माझ्यावरच खेकसला, “माझी रेघ चुकली म्हणे.” मग बाकावर बसून दंडाकडे बघतच राहिला. त्यानंतर अंघोळसुद्धा हात वर धरून करायचा, वहिनी सांगते.

ऑपरेशनच्या दिवशी कळलं की किरण सुरू झाले की सगळे खोलीबाहेर येतात, पडद्यावरून लक्ष ठेवतात. वहिनी म्हणाली, “हात असा उघडा टाकून? एकटा?” मी भांडायला उठले. भांडायला येतंच मला. पण भांडणार कुणाशी? दारावरचा लाल दिवा लागला. तो विझेपर्यंत वहिनी दाराला तळवा टेकवून उभी होती.

हात राहिला. शेकलेली कातडी जुळता जुळेना, बोटं लटपटायची. चेंडू दाबून दाबून त्याने ब्रश धरला, आणि त्याच सुमारास खोकला लागला. गाठी फुप्फुसात पोचल्या होत्या. तिथे नेम धरायला कुणी तयार होईना.

तो गेल्यावर वहिनीने आमच्या पुढच्या मोर्च्याचं कापड आणून दिलं. त्यावर अक्षरांसाठी पेन्सिलीने आखलेल्या दोन रेघा होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेच वाकल्या नव्हत्या. अक्षर एकही नव्हतं.

“हात चालत होता हो ताई,” वहिनी म्हणाली. “दम पुरला नाही त्याला.”