लाजाळू आणि खवल्या मांजर

धाकट्या लेकीच्या गळ्यात खवल्या मांजराचं खवलं बांधायचं, असं आईनं ठरवलं, म्हणून मी डोंबिवलीला निघालो. गेल्या वर्षी आमचं एक मूल तापानं गेलं. अशा उपायांवर माझा विश्वास नाही. पण आता धाकटी तापली होती, आणि आईला ‘नाही’ म्हणायला तोंड उघडेना.

थोरली, आठ वर्षांची यमूही बरोबर आली. ठाण्याहून सकाळची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गाचं तिकीट पुरे. डोंबिवलीच्या नव्या स्टेशनात खायला काही मिळत नाही, म्हणून दशम्या आणि पाण्याचा तांब्या घरूनच न्यावा. पुढे डोंगराकडे तासभर बांधावरून चाल. आश्विनातही चिखल असतो. वहाणा हातात घ्याव्या.

वाटेवर लाजाळूची गुलाबी फुलं पसरली होती. यमू पानाला बोट लावी आणि ते उघडेपर्यंत तिथेच बसे.

“चल गं, उन्हं डोक्यावर येतील.”

“थांबा ना अण्णा, मीच घाबरवलंय तिला.”

राघ्या कातकरी आमच्याकडे मध घेऊन येतो; खवल्यासाठी आम्ही त्याच्याच वाडीवर पोचलो. त्यानं अंगणातली उपडी पाटी उचलली. खाली खवल्यांचा घट्ट गोळा.

“जित्तं हाय, दादा. आता मारतो, ताजं खवलं देतो. पूर्वी बांधाबांधाला घावायचं. आता दोन-दोन पावसाळं दिसत नाय.”

यमूनं बोट लावलं. गोळा आणखी आवळला. ती समोर मांडी घालून बसली. “हे कधी उघडेल?”

“तुजा बा गप बसंल तवा,” राघ्याची बायको सोमी हसली.

आम्ही गप्प बसलो. बऱ्याच वेळानं गोळा सैलावला. निमुळतं तोंड बाहेर आलं, आणि पोटाशी बिलगलेलं फिकट पिल्लू दिसलं. माझा पाय हलला मात्र, आई पुन्हा पिल्लाभोवती मिटली.

लाजाळूला कोणीही बोट लावावं. ती मिटते, उघडते, पुढच्या पावसात दुप्पट उगवते. ह्या जनावराचं मिटणंच त्याच्या मुळावर येतं. पळत नाही, चावत नाही. नुसतं उचलून न्यायचं. शिवाय लाजाळू स्वतःपुरती मिटते.

“राघ्या, खवलं नको.”

“आँ? पोरीसाठी आलता ना?”

“नको.”

“शिकलेली मानसं!” सोमी म्हणाली. “एवढं चालून आली, नि बसून चालली.”

घरी आलो तेव्हा धाकटीचं अंग तसंच तापलेलं. आईनं हात पुढे केला. मी झालं ते सांगितलं. तिनं धाकटीला मांडीवर घेतलं.

“केवढं होतं पिल्लू?”

मी वीत दाखवली.

“सोडलं ना त्यांनी?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. खरं तर मी विचारलंच नव्हतं. माझ्यासाठी मारलं नाही, एवढ्यावर समाधान मानून मी पाठ फिरवली होती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही. मला मात्र ती हलवलेली मान टोचते. तुमच्यापैकी कोणी त्या वाडीला गेलात, तर जे विचारणं माझ्याच्यानं झालं नाही, ते सोमीला विचारा: त्या जनावराला सोडलं का? उत्तर काहीही असो, मला कळवा.