बाशिंगावरची कचरापेटी

आमच्या गावच्या वाचनालयात सहा जुने कॉम्प्युटर आले, तेव्हा वॉलपेपर निवडणं हे सगळ्यांत सोपं काम म्हणून मी शेवटी ठेवलं होतं. तेच सगळ्यांत लांबलं.

गाव अमडापूरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. मी चिखलीला नोकरीला, संध्याकाळी येऊन वाचनालय उघडायचो. शहरातल्या कुठल्याशा कचेरीनं मशिनी मोडीत काढल्या आणि आत काहीच न ठेवता आमच्याकडे पाठवल्या. मी त्यांत लिनक्स भरलं. फुकट मिळतं आणि मराठीतून चालतं म्हणून. सगळं नीट झालं, पण मशीन सुरू केलं की समोर यायचा एक तपकिरी पडदा आणि मधे थोडासा उजेड. लोक दारातूनच डोकावायचे आणि विचारायचे, "लाइन गेली काय?" आत कुणी यायचं नाही.

म्हणजे चित्र बदलायला हवं होतं. जो कोणी नवा माणूस बसेल त्याला पहिल्यांदा दिसेल असं एकच चित्र, सहाही मशिनींत.

आधी लोणारचं सरोवर लावलं. आपल्या जिल्ह्याचं, अभिमानाचं. एकानं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "पाणी हाये, पण काहीच कामाचं नाई." मग बियाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरचा फुटलेला कापूस लावला. बीटी बियाण्याचे दिवस होते, घराघरांत तेच कॅलेंडर. गर्दी मात्र झाली. दहा-बारा जण पडद्यापुढं उभे, आणि कुणीही माउसला हात लावेना.

"हे पान पाह्य. लाल्या सुरू झाला याच्यावर."

"एका झाडाले एवढी बोंडं? कॅलेंडरातच लागतात बे."

"दिवसभर वावरात हेच पाह्यतो. इथंही हेच काऊन दाखवून राह्यला?"

शिवाय पडद्यावरच्या फायलींच्या छोट्या चित्रांखालची नावं पांढऱ्या अक्षरांत असायची. पांढऱ्या कापसावर ती अशी गडप झाली की मलाच माझी फाइल सापडेना. कॅलेंडर उतरवलं.

तोडगा काढला फोटो स्टुडिओवाल्या चाचांनी. गावातली सगळी लग्नं आणि सगळे पोळे त्यांच्याच कॅमेऱ्यातले. "अरे भाई, तुमच्या दादाची बैलजोडी हाये ना माझ्यापाशी, पोळ्याची. उससे अच्छा क्या लगाओगे?" त्यांनी पेटीतून फोटो शोधून स्कॅन करून दिला. रंगवलेली शिंगं, नवी झूल, कपाळावर बाशिंगं. मधे दोर धरून माझा मोठा भाऊ, दादा, आणि कडेला माझा अर्धा खांदा.

ती जोडी तेव्हा दादाकडे राहिली नव्हती. आणि इथं मला ते सांगायला हवं, जे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या साली लाल्या रोगानं आमचं कपाशीचं वावर विटकरी करून टाकलं, त्या साली दादा चिखलीला माझ्या घरी आला होता. चहा पिता पिता त्यानं एवढंच विचारलं, "जोडी ठेवू का इकू?" मी पेपर वाचत होतो. पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "विकून टाक. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो आता." त्याला सल्ला नको होता. ठेव, म्हणणारं कुणीतरी हवं होतं. हे मला कळलं होतं, तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी पान उलटलं.

तर तो फोटो मी लावला. न विचारता. लावण्याआधी माझा खांदा कापून काढला, तो तिथं शोभत नव्हता. त्यामुळं चित्र अरुंद झालं आणि पडदा भरायला ते आडवं ताणावं लागलं. बैल चांगलेच लठ्ठ दिसायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात बसायला जागा पुरेना. "तुह्या मशिनीत चारा बरा दिसते बे," म्हणत म्हातारी माणसं खुर्ची ओढून बसली. बसलेल्या माणसाला माउस धरायला सांगणं सोपं असतं. सातबारा काढायचा म्हणून आलेल्यांनी टायपिंग शिकून घेतलं. बचत गटाच्या बाया दुपारच्या वेळा मागू लागल्या. मी खूष होतो आणि रोज दाराकडे पाहत होतो. सगळं गाव येऊन गेलं, दादा आला नाही. वहिनी एकदा रस्त्यात भेटल्या. "भाऊजी, बैल लय चांगले दिसतात म्हणे. यायलेही लोकं सांगून राह्यले." यायले म्हणजे दादाला. मी विचारलं, "काय म्हणतो दादा?" "काही नाई म्हणत," वहिनी म्हणाल्या, आणि माझी झोप उडाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. त्या संध्याकाळी दादा आला. सोबत वहिनी, हातात झाकलेली वाटी. खुर्चीवरचे दोघे आपण होऊन उठले. दादा बसला नाही. उभ्यानंच पडद्याकडे पाहत राहिला. मी बाजूला उभा, शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसा.

"हे काय हाये?" त्यानं बोट लावून विचारलं.

डाव्या बैलाच्या कपाळावर, बरोबर बाशिंगावर, कचरापेटीचं चित्र बसलं होतं. ते तिथं आपोआप बसतं. इतके दिवस मी रोज पाहत होतो, पण मला ते दिसलं नव्हतं.

"कचरापेटी," मी म्हणालो. "नको असलेल्या फायली त्यात टाकतात."

"माह्या बैलाच्या कपायावर?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी माउस हातात घेतला, पण तो हलवण्याऐवजी बोलून गेलो. "दादा, त्या दिवशी मीच म्हटलं होतं, विकून टाक म्हणून."

"म्हटलं होतं ना."

"मी ठेव म्हणायची तू वाट पाहत होतास."

"पाह्यत होतो. पण दोर सोडून मीनं देल्ला. तू काय चिखलीहून सोडला? आता तो डब्बा हटव आधी."

मी कचरापेटी ओढून खाली झुलीच्या पलीकडे, मोकळ्या मातीवर नेऊन ठेवली. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या मशीनकडे बोट केलं. मग तिसऱ्या. सहाही मशिनींवर त्याच्यासमोर तेच करावं लागलं. शेवटच्या मशीनपाशी तो म्हणाला, "आन तुहा खांदा कुठं गेला फोटोतला?"

"कापला."

"काऊन?"

तेवढ्यात वहिनींनी वाटीवरचं झाकण काढलं. मी म्हणालो, "वहिनी, काचेला नका..." तोवर दोन्ही बैलांच्या खांद्यांवर हळद-लोण्याची बोटं उमटली होती. दादा वाकून पडद्याशी काहीतरी पुटपुटला. आवतणच असणार.

"उद्यापर्यंत पुसू नको," जाताना म्हणाला.

पुसलं नाही. पोळ्याच्या दिवशी एक मुलगी त्या मशीनवर बसली आणि मॉनिटर पिवळा पडला, दुरुस्तीला पाठवा म्हणून सांगायला आली. मी तिला दुसऱ्या मशीनवर बसवलं आणि स्टुडिओवर गेलो. चाचांकडे फोटोची मूळ प्रत होती, खांद्यासकट.