बुधवारच्या बैठकीत शेजाऱ्याचा धंदा

बुधवारच्या बैठकीमुळे तुमचा धंदा किती वाढला, असं कोणी विचारलं की आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो आणि चहा मागवतो. किस्से मात्र हवे तेवढे विचारा. ते कोणी मुद्दाम जपत नाही, तरी गादीवाल्याच्या दुकानात कोपऱ्याकोपऱ्यात कापूस साचतो तसे साचत जातात. झाडायला जावं तर जास्तच उडतात.

बुधवार अशासाठी, की आमच्यातल्या बऱ्याच जणांचं पोट शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर. बुधवारी दुपारी तळेगावच्या दुकानांत माशीसुद्धा शिरायला कंटाळते. शिवाय दुपारी लोकल जवळजवळ नसतातच, त्यामुळे एकदा आलेला माणूस मधेच उठून जाऊ शकत नाही. अशा त्या पेंगुळलेल्या वेळी, ज्याच्या दुकानात बैठक त्याचा चहा, एवढ्याच बोलीवर आम्ही जमतो.

सुरुवात केली कौस्तुभने. हा मुलगा पुण्यातली कंपनीतली नोकरी सोडून लोणावळ्याला आला आणि एक बंगला घेऊन पाहुण्यांना खोल्या द्यायला लागला. त्याला 'नेटवर्किंग' या शब्दाचं फार वेड. पहिल्या बैठकीला त्याने सांगितलं, प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात आपला धंदा सांगायचा.

पवनेच्या तळ्याकाठी तंबू भाड्याने देणारे नानाभाऊ उठले. "तंबू हायेत. तळ्याकाठी हायेत. पाऊस नसंल तवा या." आणि बसले. कौस्तुभ म्हणाला, अजून काहीतरी सांगा की. नानाभाऊंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तळं बघितल्यावर कळतंयच की."

मग रशीदभाईंची पाळी. त्यांचं गादीचं दुकान वडिलांपासूनचं. आत कापूस पिंजायचं मशीन, बाहेर ओट्यावर शिलाई. तळेगावातल्या कित्येक लेकी त्यांच्या गाद्या घेऊन सासरी गेल्या. पण रशीदभाई उठेचनात. आपल्या मालाची तारीफ आपण करायची नाही असं अब्बांनी शिकवलंय, म्हणाले, आणि मान खाली घालून बसले.

शेजारी लोणची-पापडवाल्या मंगलमावशी होत्या. त्यांना कोणी गप्प बसलेलं बघवत नाही. "मग मी सांगते," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी सासरी पहिल्या दिवशी उन्हं वर येईस्तोवर झोपली. सासू काय बोलणार? यांचीच गादी तिच्याही खाली होती."

त्या दिवसापासून आमच्यात रीतच पडली. आपला धंदा आपण सांगायचा नाही, शेजारी बसलेल्याचा सांगायचा.

*

या रीतीचे तोटे पहिल्यांदा मला कळले. माझं स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे. एका बुधवारी माझ्या शेजारी मंगलमावशी बसल्या. बैठकीला नवीन चार-पाच बायका आल्या होत्या, मी मनातल्या मनात खूश.

मावशी म्हणाल्या, "चष्मा चांगलाच देते ही. पण विचार करून जा गं. मी घातला आणि घरी गेले, तर आमचे हे किती म्हातारे झालेत ते दिसलं. मला आधी तरणेच वाटत होते."

बायका हसल्या. दुकानात एकही आली नाही.

*

कौस्तुभच्या बंगल्याबद्दल सांगायची पाळी नानाभाऊंवर आली, तेव्हा कौस्तुभ मोबाईल काढून रेकॉर्डिंग करायला बसला. त्याला ते जाहिरातीत टाकायचं होतं. बंगल्यासमोर दरी आहे, आणि त्याची सगळी मदार त्या दरीवर.

नानाभाऊ बोलले ते असं: "समोर दरी हाये म्हंत्यात. मी पावसाळ्यात लय येळा गेलतो, मला एकदाबी दिसली न्हाई. ढग खिडकीतनं आत येत्यात, च्यात पडत्यात. आपून कुटं हाये तेच कळत न्हाई. बायकू शेजारी हाये का न्हाई, हात लावून बघावं लागतं."

कौस्तुभ हिरमुसला. तरी चिडून त्याने ते तसंच जाहिरातीत टाकलं. दुसऱ्याच दिवसापासून त्याला फोन यायला लागले. दरीबद्दल कोणीच विचारत नव्हतं. जो तो म्हणायचा, ती चहात ढग पडणारी खोली आहे ना, तीच द्या.

*

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. मग थंडीच्या तोंडाशी रशीदभाईंच्या दुकानासमोर फोमच्या गाद्यांचं मोठं दुकान उघडलं. काचेचं दार, आत एसी, गादी गुंडाळून पिशवीत भरून देतात. रशीदभाईंच्या ओट्यावरची शिलाई हळूहळू थांबली. त्यांचा मुलगा देहूरोडला डेपोत नोकरीला, त्याला कापसात रस नाही. एका बुधवारी त्यांनी शांतपणे सांगितलं की पिंजायचं मशीन भंगारवाल्याला द्यायचं ठरतंय. ते गेलं की दुकान बंदच.

मला ते ऐकून फार वाईट वाटलं. त्या दुकानात शिरलं की मला अजूनही लहानपणीसारखं वाटतं. मशीन घरघरतंय, उन्हाच्या पट्ट्यात कापूस तरंगतोय आणि आपण कशासाठी आलो होतो ते आठवत नाही. आम्ही ठरवलं, काही झालं तरी रशीदभाईंना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं.

पहिले धावले नानाभाऊ. त्यांनी आपल्या सगळ्या तंबूंसाठी कापसाच्या गाद्या घेतल्या. तळ्याकाठी थंडीत काय दव पडतं हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं का? जन्म गेला तिथे. पण मायेपोटी माणसाची अक्कल गहाण पडते. सकाळी गाद्या ओल्या होऊन अशा जड झाल्या की एकेक उचलायला चार माणसं लागली. गवतावर वाळत घातल्या. ऊन पडलं, गाद्या फुगल्या, आणि रात्रभर काकडलेले पाहुणे जाऊन त्यांच्यावर आडवे झाले.

परत न्यायला आलेली बस हॉर्न देऊन देऊन दमली. शेवटी ड्रायव्हर उतरला, जरा टेकला आणि तोही झोपला. नानाभाऊ सांगत होते, "मी हाका मारल्या न्हाईत. इतकी चांगली झोपल्याली माणसं कशी उठवायची?"

तशा गाद्या मात्र त्यांनी पुन्हा घेतल्या नाहीत. तळ्याकाठी त्या चालायच्याच नव्हत्या.

*

मग माझ्या दुकानात एक चमत्कार सुरू झाला. अनोळखी माणसं यायला लागली. एक जोडपं आलं, नवीन सोसायटीत राहायला आलेलं. मी विचारलं, माझा पत्ता कोणी दिला? म्हणाले, गावातल्या गादीवाल्यांनी. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले, त्यांनाही गादीवाल्यांनीच पाठवलेलं. मंगलमावशींचं लोणचंही अचानक खपायला लागलं.

मी रशीदभाईंकडे गेले. विचारलं, गिऱ्हाईक तुमच्याकडे येतंय तर गादी न घेता का परत जातंय?

ते म्हणाले, "ताई, ते विचारतात गादी चांगली आहे का. आता माझ्या तोंडाने मी कसं सांगू? आपली रीत आहे ना. मग मी तुमचं सांगतो, मावशीचं सांगतो."

बैठकीची रीत हा माणूस दुकानात पाळत होता. मी कपाळाला हात लावला. रीत बैठकीपुरती आहे, असं परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले आणि मला चहा पाजला. भंगारवाल्याला त्यांनी पुढच्या बुधवारी बोलावलं होतं.

*

त्या बुधवारची बैठक आम्ही रशीदभाईंच्याच दुकानात ठेवली. शेवटचीच, असं धरून सगळे आलो होतो. मशीन पुसून ठेवलेलं. बाहेर थंडीतलं दुपारचं ऊन. शिल्लक गाद्या रशीदभाईंनी जमिनीवर अंथरल्या होत्या आणि आम्ही त्यांवर बसलो होतो.

तेवढ्यात कौस्तुभ आला आणि त्याच्या मागून समोरच्या फोमच्या दुकानाचे मालक. स्थानिक व्यावसायिक म्हणून कौस्तुभने त्यांनाही आमंत्रण दिलं होतं. मंगलमावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा दारातच थांबला. रशीदभाई मात्र उठले. "या, बसा," म्हणाले, आणि त्यांना आपल्याच शेजारी जागा करून दिली. गृहस्थ अवघडून बसले. डोळे तांबारलेले, हातातला मोबाईल सारखा वाजत होता.

आता रीतीप्रमाणे रशीदभाईंनी फोमच्या गादीबद्दल सांगायचं आणि फोमवाल्यांनी कापसाच्या. आम्हाला वाटलं, आज रशीदभाई गप्प बसतील. पण ते बोलले, आणि मनापासून बोलले. फोमची गादी हलकी असते, एकट्या बाईला उचलून टाकता येते. दरवर्षी पिंजून घ्यावी लागत नाही. जिना चढून चौथ्या मजल्यावर नेणाऱ्या हमालाची पाठ वाचते. "आमची गादी नेताना माझीच पाठ गेली," ते म्हणाले. "वस्तू चांगली आहे. घ्या."

माझे डोळे भरून आले. मग कौस्तुभ हळूच म्हणाला, आता तुम्ही बोला, साहेब.

साहेब बोलले नाहीत. आम्ही वळून पाहिलं तर ते मागच्या उशांच्या थप्पीला टेकले होते. तोंड थोडं उघडं, मोबाईल मांडीवरून खाली घसरलेला. गाढ झोप लागली होती त्यांना. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते, त्यातला एक त्यांच्या मिशीवर येऊन बसला आणि श्वासाबरोबर हलायला लागला. मंगलमावशींनी तोंडाला पदर लावला. नानाभाऊंनी मोबाईल उचलून त्याचा आवाज बंद केला. रशीदभाईंनी त्यांना हलकेच आडवं केलं, डोक्याखाली उशी सरकवली आणि अंगावर रजई घातली.

तेवढ्यात बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि त्याने हॉर्न दिला.

रशीदभाई अनवाणीच बाहेर धावले. ओठांवर बोट ठेवून त्यांनी ड्रायव्हरला गप्प केलं. तो म्हणाला, मशीन न्यायला आलोय, तुम्हीच बोलावलंत.

"आज नको," रशीदभाई कुजबुजले. "आत गिऱ्हाईक झोपलंय."

मग परत कधी येऊ, त्याने विचारलं. रशीदभाईंनी दारातून आत डोकावून पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

"त्यांची झोप झाली की सांगतो."