अंगठा प्रामाणिक, बोटं संशयास्पद

माझ्या बहिणीसाठी धुळ्याहून आलेलं स्थळ इतकं चांगलं होतं की मला पहिल्याच दिवशी संशय आला.

मुलगा एकुलता एक. देवपुरात स्वतःचं घर. सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायची नोकरी. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा. वय तीस. आता मला सांगा, इतकं सगळं नीट असलेला माणूस तिसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाचा राहतोच कसा? आमच्या खान्देशात असला मुलगा चोविसाव्या वर्षीच कुणीतरी उचलून नेतं. म्हणजे आधी बघायला गेलेल्यांना नक्की काहीतरी दिसलं होतं. ते काय, हे शोधून काढायचं होतं. पत्रिकेबरोबर आलेल्या कागदावर 'छंद' या शब्दापुढे एकच शब्द लिहिला होता: गिटार. मी त्याखाली रेघ मारली.

चौकशीचं काम माझ्याकडे येण्याला कारण होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी जळगावात एका दिवाणी वकिलांकडे कारकून होतो. साक्षीदाराचा आधीचा जबाब आणि नंतरचा जबाब शेजारी शेजारी ठेवायचे आणि जिथे शब्द बदलला असेल तिथे लाल पेन्सिल फिरवायची, हे माझं मुख्य काम. वकीलसाहेब म्हणत, "खरं बोलणारा माणूस कंटाळवाणा असतो. दर वेळी तेच बोलतो." पंचविसाव्या वर्षी मला हे वेदवाक्य वाटायचं. शेजाऱ्यांचं भांडण ऐकतानाही माझी पेन्सिल वळवळायची.

धुळ्याला गेलो. मुलाच्या घरासमोरचा पानवाला, दूधवाला, इस्त्रीवाला आणि शेजारच्या अक्का, असे चार जबाब घेतले. चौघांनी एकच सांगितलं: मुलगा सोन्यासारखा. मला आणखी संशय आला. चार जबाब इतके जुळले की ते पढवलेले असतात, हेही वकीलसाहेबांचंच.

पाचवा मात्र फुटला. दिवसा सायकली दुरुस्त करणारा आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात गाणारा एक गृहस्थ होता. पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवत तो म्हणाला, "माणूस म्हणून एक नंबर, भाऊ. पण स्टेजवर माझं नाक कापलं त्यानं."

"कसं?"

"मी गाणं म्हणतोय आणि हा मागे भलतीकडेच! बरं, काल जिकडे गेला तिकडे आज गेला तर माणूस सावध तरी राहील. रोज वेगळीकडे. एक गाणं दोनदा सारखं वाजवत नाही तो."

ट्यूबमधून बुडबुडे आले. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. जो माणूस एक गाणं दोनदा सारखं वाजवू शकत नाही, तो बायकोला दोनदा सारखं काय सांगणार?

पुढच्या रविवारी मी चाळीसगावचा सरकीचा व्यापारी होऊन त्याच्या दारात उभा राहिलो. गिटार शिकायचीय, असं सांगितलं. दुसऱ्याचा खोटेपणा पकडायला निघालेला माणूस स्वतः किती सहज खोटं बोलतो, याचं मला त्या दिवशी अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आता वाटतं.

तो उंच, सावळा, हळू बोलणारा. त्याने गिटार बाहेर काढली. मी सिनेमात पाहिलेली गिटार चपटी, लालभडक, वायर लोंबणारी असायची. ही मधाच्या रंगाची, पोटाला फुगीर, आणि मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना दोन वळणदार चिरा.

"हिला लाइट लागत नाही?"

"लागली असती तर देवपुरात आठवड्यातून दोनच दिवस वाजवता आली असती," तो म्हणाला.

विनोदी साक्षीदार धोकादायक असतो. मी सावध झालो. आमच्याकडे हळदीच्या वेळी बायका म्हणतात त्या गाण्याची साधी, चार ओळींची चाल मी त्याला वाजवायला सांगितली. हेतू असा की मूळ चाल मला पाठ होती. साक्षीदार कुठे घसरतो ते लगेच कळलं असतं.

पहिल्या फेरीत त्याने चाल जशीच्या तशी वाजवली. दुसऱ्या फेरीत निसटला. धुळ्याहून एरंडोलला जायचं तर पारोळ्यावरून सरळ रस्ता आहे. हा माणूस अमळनेरला गेला, तिथून चोपड्याला, वाटेत कुठल्या तरी शेतात उतरून भुईमुगाच्या शेंगाही खाल्ल्या असाव्यात, आणि आता हा काही एरंडोलला पोचत नाही असं मला वाटत असतानाच नेमक्या वेळी एरंडोलच्या स्टँडवर उभा! धापसुद्धा लागली नव्हती. मी त्याचे हात बघत होतो. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर ठरलेल्या पावलांनी चालत होता, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. बाकीची बोटं त्या अंगठ्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघत होती. घरी जाऊन मी वहीत लिहिलं: 'अंगठा प्रामाणिक. बोटं संशयास्पद.'

त्याच्या वाजवण्यावर पुढे मुंबईच्या आणि पुण्याच्या जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहिलं. त्या सगळ्यांच्या आधीचं पहिलं लेखी मत माझं आहे, हे मी इथे नम्रपणे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या खेपेला मी टेपरेकॉर्डर नेला. घरी सराव करायला, असं कारण सांगितलं. तो म्हणाला, "ठेवा की." तीच चाल वाजवायला सांगितली. वेगळी वाजवली. तिसऱ्या आणि चौथ्या खेपेलाही तेच, म्हणजे तेच नाही. मी मुद्दाम विचारलं, "मागच्या खेपेला तुम्ही इथून वर गेला होता. आज खाली आलात. असं का?"

त्याने थोडा विचार केला. "मागच्या खेपेला ही खिडकी बंद होती."

आता या उत्तरावर लाल पेन्सिल कुठे फिरवायची?

मग मी त्याचा इतिहास खणायला घेतला. वडील रेल्वेत, घर भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. शेजारी एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर. तो संध्याकाळी ओट्यावर बसून जॅझच्या तबकड्या ऐकायचा आणि त्यांच्याबरोबर गिटार वाजवायचा. ऑस्ट्रेलियाला कायमचा जाताना त्याने ही गिटार याच्या हातात दिली. पुढे मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये सहा वर्षं.

"तिथे काय करायचात?"

"लोक जेवत असताना वाजवायचं. एखाद्यानं चमचा खाली ठेवला की आपण जिंकलो."

"मग सोडलं का?"

"मालकाला गिटार रस्त्यापर्यंत ऐकू यायला हवी होती. विजेची आणा म्हणाला. मला फक्त समोरच्या टेबलापर्यंत पोचायचं होतं." आणि वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून तो धुळ्याला परतला.

इथवर ठीक. पण पानवाल्याकडून मला आणखी एक गोष्ट कळली होती. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कचेरीला सुट्टी असते. त्या दिवशी हा माणूस गिटारची पेटी उचलतो, दुपारची चाळीसगावची गाडी पकडतो, तिथून मुंबई गाठतो आणि सोमवारी सकाळी परत येतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिथे कोण असतं?"

"तिघं असतात."

"कोण तिघं?"

"एक पियानो, एक ड्रम, एक मोठं व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं. रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये वाजवतो आम्ही."

"ऐकायला कोण येतं?"

"कधी तीस जण. कधी सहा."

सहा माणसांसाठी धुळ्याहून मुंबई! मी वहीत लिहिलं: 'तिघं. नावं सांगत नाही.' खरं तर नावं मी विचारलीच नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी जळगावच्या आमच्या घरी न्यायालय भरलं. वडील म्हणजे आबा, आई, आणि पारोळ्याहून खास आलेले काका, ज्यांना सगळे नाना म्हणत. बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वर्गात साठ पोरं तिच्यासमोर गप्प बसायची. घरात मात्र तिचं वाक्य आम्ही कुणी पुरं होऊ देत नव्हतो. तिला भात हवाय की नको हेसुद्धा तिच्याआधी आम्हीच सांगायचो.

मी तीन टेपा वाजवल्या. वहीत तीन रकाने आखले होते, ते दाखवले. शेवटी मुंबईचे शनिवार सांगितले. नानांनी मांडीवर थाप मारली.

"वाजाडणारा जावई? वरातमा पुढे चालाडसूत का त्याले?"

आबा म्हणाले, "नोकरी चांगली आहे, पण माणूस ठाम दिसत नाही. कळवून टाकू, पत्रिका जुळत नाही म्हणून."

"आबा, मला..." बहीण म्हणाली.

"तिलाही तसंच वाटतं," मी म्हणालो.

"मला तिसरी टेप परत ऐकायचीय," ती म्हणाली. या खेपेला तिने वाक्य पुरं केलं आणि आत येऊन टेपरेकॉर्डरजवळ मांडी घालून बसली.

टेप लावली. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने बटण दाबून थांबवली.

"भाऊ, ही टकटक कसली?"

"मी. पेन्सिलीनं बशीवर ताल धरत होतो."

"चुकीचा धरत होतास."

"असेल."

"असेल नाही, आहे. ऐक." तिने पुन्हा लावली. "इथे तू मागे पडलास. आता तो बघ काय करतो. थांबला. तुझी टकटक येऊ दिली आणि तिथून पुढचं उचललं. इथे तू घाई केलीस, तर तो तुझ्याबरोबर पळाला. भाऊ, तू पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकतोयस आणि हा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत तुला बरोबर ठरवतोय."

मी ऐकलं. खरंच तसं होतं. ज्या जागांवर मी लाल पेन्सिलीने 'विसंगती' असं लिहिलं होतं, त्या सगळ्या जागा माझ्या होत्या.

तिने दुसरी टेप लावायला सांगितली. तिच्यात स्वयंपाकघरात कुठलंसं भांडं पडतं. मला ते तेव्हा व्यत्यय वाटलं होतं. तिने दाखवलं की भांडं पडल्यावर दुसऱ्याच क्षणी गिटारवर तोच खणखणाट येतो, मग जरा ठेंगणा होऊन पुन्हा, आणि मग चाल तिथूनच घरी वळते.

"हा ऐकतो," ती म्हणाली. तिने टेप बंद केली आणि पुढे म्हणाली, "मला त्याला बघायचंय. आणि शनिवारचं मी विचारीन. तुम्ही कुणी विचारू नका."

नानांना हे मुळीच पटलं नाही. पण नकाराचं पत्र त्या दिवशी गेलं नाही.

मुलगा आईला घेऊन आला. दारातच त्याने मला पाहिलं. आता सरकीचा व्यापारी उघडा पडणार म्हणून मी खांबाआड सरकलो. तो चपला काढता काढता शांतपणे म्हणाला, "बोटं दुखतात का अजून?" आणि आत गेला. त्याला कधीपासून माहीत होतं, कुणास ठाऊक. ती विवंचना आजही मला आहे.

बहीण पोहे घेऊन आली, समोर बसली आणि तिने सरळ विचारलं, "तुम्ही दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुंबईला जाता. लग्नानंतर?"

"जाईन," तो म्हणाला.

आबांनी खाकरून त्याला संधी दिली. "म्हणजे सुरुवातीला काही दिवस, असंच ना?"

"नाही. जाईन."

नाना पुढे सरसावले. "अहो, संसारात पडलं की आपोआप सुटतं हो सगळं! म्हणा की, हळूहळू सोडीन."

खोटं बोलायची इतकी सोय मी कुठल्याच साक्षीदाराला करून दिलेली पाहिली नव्हती. 'बघू' एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. आबांनी तेवढ्यावर सुपारी फोडली असती. त्याने नानांकडे पाहिलं, मग माझ्या बहिणीकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा तोच शब्द त्याच आवाजात बोलला. "जाईन." मग म्हणाला, "आई आजारी असली तर नाही जात. बाकी जाईन."

आबांचा चेहरा उतरला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. स्थळ गेलं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. नानांनी तर टोपी हातात घेतली.

"शनिवारी माझी शाळा सकाळची असते," बहीण म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचं अजून संपलं नव्हतं. नवल म्हणजे, कुणीच मध्ये पडलं नाही.

"धुळ्याला शाळा मिळाली तर तीही शनिवारी सकाळचीच असेल. दुपारच्या गाडीला मी पोचू शकते. मला ते तिघं आणि तुम्ही, एकत्र ऐकायचंय. एकदा नाही. दर खेपेला वेगळं वाजवता ना? मग दर खेपेला."

त्याने काही बोलायच्या आत त्याच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. आल्यापासून ती बाई एक शब्द बोलली नव्हती.

"मंग आते गाडीमा दोन जागा धरजो रे," ती लेकाला म्हणाली, "खिडकीजोडे."