अकरा काचांवरचा शेरा

गंगाक्का आत आली तेव्हा अकरा फोटो टेबलावर पालथे होते. मीच ठेवले होते. ती वडगावच्या विणकर घरातली, चाळिशीची. प्लेगच्या कॅम्पातल्या बायकांचे फोटो आमच्या कॉलेजात आलेत, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिची आई त्या कॅम्पात गेली ती परत आलीच नाही. गंगाक्का तेव्हा अंगावर पिणारी.

"तोंड बघायचं हाय, अण्णा," ती मला म्हणाली. "तुळसाबाई नाव. तिथला फोटोवाला समद्यांची नावं लिवायचा म्हणत्यात."

लिहायचा खरं. तीच तर अडचण होती.

मी कॉलेजच्या संग्रहात दप्तरी होतो. जुने कागद झटकायचे, बांधायचे, लेबल लावायचं. गाव मालवणाकडे, शाळा चौथीत सुटलेली, बेळगावात ओळखीचं कुत्रं नाही. लायब्रेरियन साहेबांनी कामावर घेतलं, झोपायला जिन्याखाली जागा दिली. ते उपकार मी अजून मानतो. पण त्यांचा आवाज जरा चढला की मला गावची वाट दिसायला लागे.

पूर्वी फोटो काचेवर निघत. काचेच्या एका अंगाला मसाला असतो, त्यात चित्र उमटतं. ती काच कागदावर दाबून उन्हात धरली की फोटो छापून निघतो. त्या मसाल्यावर नाव लिहायचं तर उलटं लिहायचं, म्हणजे कागदावर सुलट येतं. कॅम्पातल्या फोटोवाल्यानं काचांच्या कडेला तशीच नावं लिहिली होती. तीही मोडीत.

मला सुलटी मोडीसुद्धा येत नव्हती. चौदा काचा साफ करायला आल्या तेव्हा कडेची ती वळवळ मला बुरशी वाटली. कापसाला स्पिरिट लावून एकेक कड लख्ख केली. कुणाला विचारलं नाही. विचारलं तर अडाणी ठरेन ही भीती. दुसऱ्या महायुद्धामुळे स्पिरिट मिळत नव्हतं. बाटली संपली तेव्हा तीन काचा राहिल्या होत्या. फोटो छापल्यावर त्या तिघींच्याच खाली नावं निघाली. साहेबांनी वाचली, आणि बाकी अकरांवरून मी काय पुसलं ते तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं. तुळसाबाई त्यांत नव्हती.

मी अकराही फोटो उताणे केले. गंगाक्कानं तीन म्हाताऱ्या बाजूला सारल्या. राहिल्या आठ. एकीपाशी तिचं बोट थांबलं. तिनं स्वतःची हनुवटी चाचपली. मग दुसरीपाशी थांबली, तिथंही चाचपली.

साहेबांनी मला कपाटामागे बोलावलं. पहिली हनुवटीवाली देऊन टाक, बाईचं समाधान होईल, म्हणाले. मी तो फोटो तिच्या पुढ्यात सरकवला.

"हीच तुळसाबाई कशावरनं?" तिनं विचारलं. "नावं कुठं गेली ह्यांची?"

मी साहेबांकडे पाहिलं.

"काचा सादळल्या, बाई," साहेब म्हणाले. "पावसानं गेली नावं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान डोलावली.

"मग नगं," ती म्हणाली. "मी रोज हात जोडायची, आन् ही दुसऱ्याच कुणाची तरी आई असायची." तिनं तो फोटो पुन्हा पालथा घातला, पदर सारखा केला आणि गेली.

तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. तिथूनच मागे फिरलो.

"रजिस्टरात तेच लिही," मी परत आल्यावर साहेब म्हणाले. "नाहीतर प्रिन्सिपॉल तुला ठेवायचे नाहीत."

लिहिलं. अकरा ओळींत अकरा वेळा, 'सादळल्यामुळे नाव नष्ट'. नोकरी राहिली. पुढे साहेबांनीच मला मोडी शिकवली.

अजूनही शिकलेली माणसं संग्रहात येतात, तो शेरा उतरवून घेतात आणि बेळगावच्या पावसाला दोष देतात. जुनं दप्तर वाचताना एवढं करा. कुणी लिहिलंय ते बघा, आणि खरं लिहिलं असतं तर त्याचं काय झालं असतं, तेही विचारा.